करपलेल्या चकत्या

मासिकाला एक पान हवं होतं:
घरच्या कॉम्प्युटरवर सीडी कॉपी करणारे सहा प्रोग्रॅम,
वेग, किंमत, सोपेपणा, शेवटी पाचपैकी गुण.
राइव्होनं टॅलिनहून पन्नास कोऱ्या डिस्कचा डबा पाठवला,
वर चिठ्ठी: क्यूल्ली, दोन आठवडे, एक दिवसही जास्त नाही.

मी तेव्हा वडिलांकडे होते, व्हर्त्स तळ्याच्या काठी.
टेबलावर मशीन, मशीनला टेकून शेपूची जुडी.
चाचणीला दर वेळी एकच ऐवज लागतो, थेंबभरही फरक चालत नाही,
म्हणून घेतल्या बाबांच्या हवामानाच्या वह्या,
पानन् पान स्कॅन केलेल्या,
एकतीस वर्षं, दिवसातून तीनदा,
सहाशे चाळीस एमबी थंडी.

पहिला प्रोग्रॅम फार बोलका.
दर पायरीवर शुभेच्छा, दर खिडकीत फुगे,
आणि सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन
गप्प.
पुन्हा केलं. पुन्हा सत्त्याण्णव.
तिसऱ्या वेळी ट्रे आपणच बाहेर आला,
वेडावल्यासारखा.

दुसरा बावन्न पट वेग सांगतो, घड्याळ लावलं तर एकतीस.
तिसऱ्याला मी काय हवं ते कळेना, मला तो कळेना,
चौथा तीस दिवसांनी पैसे मागणार होता
आणि त्याची आठवण पहिल्याच दिवशी सात वेळा.

आमच्या भाषेत सीडी लिहिण्याला करपवणंच म्हणतात.
बाबा भांडी विसळता विसळता विचारायचे,
आज किती करपवल्या?
अकरा.
आईनंसुद्धा एवढं करपवलं नव्हतं कधी.

पाचवा प्रोग्रॅम संथ. राखाडी. मदतीचं पान अर्धवट.
पण लिहून झाल्यावर हा परत सुरुवातीपासून वाचायचा,
आपलंच अक्षर मूळ प्रतीशी ताडून,
चौदा मिनिटं जास्त.
मी चहा टाकला. बाबा खुर्ची ओढून बसले,
म्हणाले, हा माणूस बरा दिसतो.
खाली आलं: सर्व नोंदी मूळ प्रतीशी जुळतात.

बाबांनी चष्मा चढवला.
मग मी पण ताडतो, म्हणाले.

एकोणऐंशीचा जानेवारी त्यांनी मोठा करायला लावला.
आणखी मोठा.
सकाळ, दुपार, संध्याकाळ: तीन आकडे,
एकाच पेन्सिलीचे, एकाच बाजूला कललेले,
एका बैठकीतले. मलाही दिसलं.
उणे अठ्ठावीस. उणे तेवीस. उणे एकतीस.

त्या दिवशी मी यंत्राकडे फिरकलोच नव्हतो, ते म्हणाले.
मग कुठे होतात?
तळ्यावर. बर्फाला भोक पाडून मासे धरत होतो, एल्लेनच्या भावाबरोबर.
थंडी होती, एवढं नक्की.
किती, ते माशांना माहीत.

हा आकडा राजधानीत गेला, तक्त्यात बसला,
सरासरीत विरघळला,
आणि आता माझ्या मेजावर
तो एकोणीस डिस्कवर होता, जसाच्या तसा,
एका बिटाचाही फरक नाही.
खोडू का, मी विचारलं.
छे. तुझा तो संथ माणूस म्हणतो ना, जुळतंय.

सहावा प्रोग्रॅम मी बघितला की नाही, नीट आठवत नाही.
पान वेळेवर गेलं.
पाचव्याला साडेचार दिले; अर्धा गुण राखाडी रंगाचा कापला.
राइव्हो म्हणाला, एवढा हळू, आणि साडेचार?
मी म्हटलं, घरी दोघांनी मिळून ठरवलं.

जुलैत चेरी पिकायला लागल्या, साळुंक्यांसारखे ते काळे पक्षी टोळीनं आले.
बाबांनी बिघडलेल्या सगळ्या चकत्या मासे धरायच्या दोरीत ओवल्या
आणि फांद्याफांद्यांवर टांगल्या.
वारा आला की तीस वर्षांचे हिवाळे
पानांमधून लखलखतात, भिंतीवर, कुंपणावर, माझ्या कपातल्या चहावर.
पक्षी दोन दिवस घाबरले.
तिसऱ्या दिवशी एक जण चकतीवरच येऊन बसला, झोके घेत,
चोचीत चेरी.

फुगेवाल्या प्रोग्रॅमला मी पाचपैकी एक दिला होता.
झाडावर मात्र
सगळ्यात छान त्याच्याच चमकतात.