चलनात नाही

उपासना साडेदहाला सुटते. मग मी दार लोटून घेतो
आणि शेवटच्या बाकावर थैली उलटी करतो.
मुरारच्या या चर्चचा खजिनदार मी.
डोक्यावर पितळी पाट्या :
विसाव्या, बाविसाव्या वर्षी
कॉलऱ्याने गेलेले गोरे शिपाई.
त्यांच्याखाली मी दहा-वीसच्या नोटा सरळ करतो.
पाट्यांवरचं साम्राज्य दर नाताळाला
चिंच लावून घासावं लागतं.

थैलीत दर आठवड्याला एक पैसा निघायचा,
तांब्याचा, ग्वाल्हेर रियासतीचा.
एका बाजूला नागाची शेपटी तेवढी उरलेली,
दुसऱ्या बाजूला चेहरा होता, असं आपण समजायचं.
वहीत त्याला रकाना नाही.
पहिल्यांदा मी शेऱ्यात लिहिलं : चलनात नाही.
पुढे नुसतंच : च. ना.

टाकणारी सगुणाबाई अमोलिक.
सासरा महालाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा.
रियासत गेली, बँड मोडला,
कोटाच्या खिशात एवढा राहिला म्हणे.

बुधवारी सायकलवर जाऊन मी तो परत द्यायचो.
रविवारी पुन्हा थैलीत.
"बाई, बँक घेत नाही हो हा."
"बँकेला कुठं देतेय मी?"
मग पदर तोंडाशी धरून हसली,
"दोन असते तर अगदी शास्त्राप्रमाणे झालं असतं.
माझ्याकडे एकच आहे."

हिंदी उपासनेत ती प्रार्थना मराठीत म्हणायची,
सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे.
लोक आमेन म्हणून बसत, बाकं करकरत,
तरी तिचं राज्य अजून यायचं असे.

बँकेतल्या नव्या कारकुनानं स्लिप वाचून विचारलं,
"शिंदे? महलवाले?"
नाही म्हटलं, नगरकडचे. मिशनच्या बोर्डिंगातले.
तो उठता उठता परत बसला.

डिसेंबरात निकाल लागले त्या रविवारी
मिरवणूक चर्चवरून गेली.
ट्रक, गुलाल, डीजे,
रंगीत काचेतला मेंढपाळ
मेंढरासकट थरथरत होता.
पाळकांनी प्रवचन थांबवलं,
मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.
अकरा मिनिटं.
सगुणाबाई तेवढा वेळ
पैसा पुसत बसली होती, अंगठ्यानं,
लेकराचं नाक पुसावं तसा.

चेहरा कुणी झिजवला
ते मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत ती मंगळवारी गेली.
माझा बुधवार हुकला,
पैसा माझ्याकडेच राहिला.
मार्चअखेर हिशेब तपासणारे आले.
त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला,
हे काय, म्हणाले.
मी वहीकडे बोट दाखवलं.
च. ना. – बावन्न आठवडे, वर्षामागून वर्षं,
एकाच पैशाची एवढी मोठी जमा,
आणि शिल्लक शून्य.
"खोडून टाका," म्हणाले.
हो म्हटलं. खोडलं नाही.

आता रविवारी तो मीच थैलीत टाकतो
आणि दार लोटून मीच मोजतो.
खजिनदाराला हे शोभत नाही, ठाऊक आहे.
प्रार्थनेत अर्धी ओळ मागे राहूनही पाहतो कधी कधी :
सगळे बसतात, बाकं करकरतात,
उभा मी एकटा, तोंडात एक शब्द धरून.

रकाना अजून आखलेला नाही.