दुसरं टोक

दोर एकट्याला वळता येत नाही.
बाबांना बाकी सगळं यायचं:
कुऱ्हाडीचा दांडा, पाटाचा पाय, बाजेची वीण,
गळक्या कवेलूंची फेरणी,
विंचू उतरवणं सोडून सगळं.
बाजारातून आमच्याकडे यायचं ते मीठ, घासलेट
आणि दारव्ह्याच्या लोहाराकडचे खिळे.
सूप फकिरा बुरडाकडून. त्याला बदल्यात दोन दावी.

अंबाडी मात्र बांधावरची.
आधी तिची पानं खायची, ज्वारीच्या कण्या घालून,
मग लाल आंबट बोंडं, मिरची-मीठ लावून,
आणि थंडी पडली की उभं झाड मुळाशी कापून
पेंढ्या नाल्याच्या डोहात. वर दगड.
पंधरा दिवसांत डोह असा घाणायचा
की म्हशीही वळसा घालून जायच्या.
कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून मी नि आई साल सोलायचो,
दात वाजायचे,
नखांत, केसांत, परकराच्या नाडीत तो वास.
शाळेत माझ्या बाजूला कोणी बसेना.
टेंभरे बाईंनी विचारलं, घरी काय मेलंय गं?
मी म्हटलं, दोर होतोय.

पोळ्याच्या आधी, झडीच्या दिवसांत,
आढ्याला टांगलेला वाख खाली यायचा.
बाबा छपरीत ढेरा फिरवायचे,
आणि सुताचं दुसरं टोक माझ्या हातात.
"धरून राह्य, चंदे. ढिल्लं सोडशीन त गुंता होते."
नाक खाजायचं. पायाला मुंग्या.
पीळ सुतातून चालत यायचा
माझ्या मुठीत, मुठीतून कोपरापर्यंत,
गळाला मासा लागावा तसा.

रामेश्वरदादानं कधी टोक धरलं नाही.
त्यानं यवतमाळला दुकान टाकलं, नायलॉनच्या दोराचं,
निळा, हिरवा, किलोवर.
बाबा त्याच्याकडून एक गुंडी घेऊन आले,
आंगणात कपड्यांसाठी ताणून बांधली, म्हणाले,
"चांगला आहे. कुजत नाई."
बैलाच्या अंगाला मात्र तो लागू दिला नाही.

यंदा पोळ्याला गेले. अकरा वर्षांनी.
छपरीच्या खांबाला एक खिळा,
खिळ्याभोवती लाकूड झिजून बोटभर खाच.
म्हणजे इतकी वर्षं
दुसरं टोक यानं धरलं.

बाबा काही बोलले नाहीत.
खिळ्यावरचा फास काढला, माझ्यापुढे केला.
मी चप्पल काढली का, कुणास ठाऊक.
तीन पेड झाले, दुपार झाली, चहा निवला.
"आता सोड."
सोडलं की दोर स्वतःभोवतीच फिरतो.
प्रत्येक पेडाला उलगडून जायचं असतं,
त्याच ओढीनं तो दुसऱ्याला आवळतो.
लहानपणी हे कळलं नव्हतं. आताही
नीटसं कळलंय असं नाही.

गोठ्यात बैल एकच. कासरे दोन वळून झाले, सवयीनं.
दुसरा त्यांनी माझ्या पिशवीत कोंबला,
साड्यांच्या वर, घडी मोडून.
"ने. कायच्या न कायच्या कामी येईन."

एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावून म्हणाली,
कशाचा वास येतो हो?
बाहेर झड चालू होती, काचा बंद.
मी पिशवी मांडीवर घेतली.
चेन उघडीच ठेवली.