तिरकी रेघ

अर्जात मी लिहिलं होतं : अंधाराचा अभ्यास.
तीन ओळींत हेतू, एका ओळीत खर्च.
निवडीचं पत्र आलं तेव्हा हसूच आलं,
अंधारासाठी कुणी विमानाचं भाडं देतं?

स्कार्वनेसला रस्ता संपतो.
पुढे नकाशात निळं, आणि प्रत्यक्षात तेही नाही.
मासळीच्या बंद कारखान्याचा वरचा मजला माझा.
खालून अजून कॉडचा वास येतो,
भाडं न देता राहिलेल्या कुळासारखा.

ओडवेगनं किल्ल्या दिल्या आणि दोन सूचना :
वाऱ्याकडची खिडकी उघडायची नाही.
किती दिवस आहेस विचारलं, तर खरं सांगायचं.
"इथं येतात ते सगळे म्हणतात, परत येईन."
आठ आठवडे, मी म्हटलं.
तिनं मान हलवली, पैसे मोजून घेतल्यासारखी.

सकाळ नाही.
अकराच्या सुमाराला कुणीतरी निळा दिवा लावतं
आणि एकला, काही न शोधता, विझवतं.
मी लिनोचा तुकडा पुढ्यात घेऊन बसते.
लिनोत जे कोराल ते पांढरं उमटतं,
जे सोडाल ते काळं.
म्हणजे अंधार काढायचा
तर हात बांधून बसायला हवं.
हे अर्जात कसं सुचलं नाही?

दुकानाच्या गल्ल्यावर शिवनेसन.
सत्त्याऐंशी साली जाफनाहून आला,
माझ्याच मजल्यावर, माझ्याच खिडकीपाशी
बारा वर्षं मासे कापले त्यानं.
गावाला वाटतं, आमची भाषा एक असणार.
आम्ही मोडक्या इंग्रजीत
कोथिंबिरीच्या किमतीवर हळहळतो.
एकदा वर आला, माझी हत्यारं हातात घेऊन पाहिली,
एकाची धार अंगठ्यावर तपासली,
आणि काही न बोलता
खिशातून कानस काढली.
त्यानंतर तो यायचा. कापलेलं बघायचा नाही,
फक्त धार.

जानेवारीत सूर्य यायचा दिवस आला.
शाळेतली मुलं टेकडीवर, हातात गोड पाव,
आणि दक्षिणेला गच्च ढग.
बाईंनी घड्याळ पाहिलं, म्हणाल्या, आला.
मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाव खाल्ले.
मी पण खाल्ला.

शेवटच्या आठवड्यात कामं मांडली.
कुत्रा धरून सातजण आले.
अकरा ठसे, सगळे जवळपास काळे,
कोपऱ्यात कुठेतरी एखादी खिडकी, एखादा मासा.
लोकांनी कॉफी घेतली, वाफेची चौकशी केली.
ओडवेगचा भाऊ हिल्मार मात्र एकेका कागदापुढे
भरतीची वाट बघावी तसा उभा.
मग म्हणाला, "हात कापत नाही ना तुझा?"

होडी शेडमध्ये चढवलेली होती, पोटाखाली हीटर.
नाव ब्यॉर्ग. त्याच्या आईचं.
मधलं अक्षर म्हणजे शून्य, वरून तिरका छेद दिलेलं,
आणि तो छेदच खाऱ्या पाण्यानं खाल्लेला.
"रेघ नसली तर ती आई नाही, दुसरंच काहीतरी."
बाकी अक्षरांना हात लावायचा नाही. एवढंच.

मी पालथ्या बादलीवर बसले.
श्वास धरला.
खालून वर, डावीकडून उजवीकडे,
पांढरा रंग, एकदाच.
तो म्हणाला, हं.
ओडवेगनं नंतर सांगितलं, त्याच्याकडून एवढं खूप झालं.

परतताना घाट बंद. बर्फ सारणाऱ्या गाडीमागे
नऊ वाहनांची रांग, माझी बस सातवी.
पुढचा लाल दिवा सोडायचा नाही, ड्रायव्हर म्हणाला,
काहीही दिसलं नाही तरी.

आता अहवालाचा फॉर्म समोर आहे.
साध्य काय, असा एक रकाना.
लिहिलं : रेघ, एक. लांबी सव्वीस सेंटीमीटर.
ते म्हणतात, फोटो जोडा.

होडी समुद्रात आहे.