हातचा एक

रोसारिओत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
ओदिलिया ब्रुस्कोचं बटणांचं दुकान आहे.
शनिवारी तिथे मी मोजणी करते.
दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी,
शिंपल्याची सगळ्यात वरच्या खणात,
कारण ती आता कुणी मागत नाही
आणि ओदिलियाला ती विकायचीही नाहीत.

काउंटरवरच्या छोट्या टीव्हीत
बर्फातल्या कुठल्याशा गावातून एक माणूस बोलतोय.
म्हणतो, साथीने आपल्याला आरसा दाखवला.
म्हणतो, जग नव्याने मांडू या,
पायापासून, सगळ्यांसाठी.
त्याच्यामागे एक रेघ वर चढते
कठडा न धरता जिना चढणाऱ्या मुलासारखी.

ओदिलिया आवाज कमी करते. बंद करत नाही.
"कोट उंची आहे," ती म्हणते,
"पण खालून दुसरं बटण सैल झालंय त्याचं."

मग बिस्किटांचा डबा उघडते.
आत नोटा, इस्त्री केल्यासारख्या सपाट,
ज्यांवर आता पावही मिळत नाही.
"सत्तर साली दोन शून्यं काढली.
त्र्याऐंशीत चार.
पंच्याऐंशीत तीन.
ब्याण्णवात पुन्हा चार."
मी बेरीज करते. तेरा.
दुष्काळातल्या महिन्यासारखी, तेरा.

"शाळेत काय शिकवलं होतं?
वजाबाकीत हातचा घ्यायचा,
आणि घेतलेला विसरायचा नाही.
या मंडळींनी हातचा घेतला.
कुणाच्या हातचा, ते फळ्यावर लिहिलं नाही."

दर योजनेला नाव मात्र देखणं असायचं.
एकीचं तर चक्क वसंत.
ती ऑगस्टात आली तेव्हा
ओदिलियाने खिडकीत जिरेनियम लावलं.
फेब्रुवारीत जिरेनियम फुललेलं होतं.
वसंत केव्हाच आटोपला होता.

आणि दोन हजार एकचा डिसेंबर:
बँकेने पत्रे ठोकून दारं बंद केली,
आत आईच्या मोतीबिंदूचे पैसे.
रस्त्यावर ओदिलियाने पातेलं बडवलं, पळीने, तीन रात्री.
त्याच पोचलेल्या पातेल्यात
ती आजही मातेचं पाणी तापवते.
ते शेगडीवर जरासं डुलतं.

"मग आम्हीच जमलो, शाळेच्या जिमखान्यात.
मी झिपा द्यायचे, पाव घ्यायचे,
पाववाला केस कापून घ्यायचा,
आमच्याच चिठ्ठ्या, आमचाच शिक्का.
वर्षभर वाटलं, हेच ते.
पुढे खोट्या चिठ्ठ्या निघाल्या.
छापणारा माझा चुलतभाऊ."
एवढं सांगून ती हसते. मला हसू येत नाही.

मी तेवीस वर्षांची आहे.
मला तो आलेख आवडतो, खरं सांगायचं तर.
मी विचारते, मग कुणी काही करूच नये का?

तेवढ्यात दारावरची घंटा वाजते.
इस्पितळातली एक पोरगी, रात्रपाळी करून आलेली,
स्वेटर पुढ्यात धरते: एक बटण गेलंय.
ओदिलिया चष्मा कपाळावरून खाली आणते,
सात खण उपसते, आठव्यात सापडतं.
जुळतं. अगदी तसंच नाही,
पण उजेडात धरलं तरच कळेल.

"पैसे पगाराला देईन."
"दे."
ती वहीत पेन्सिलने लिहिते:
मारिसा, एक बटण, गडद निळं.
आकडा लिहीत नाही. मी वही चाळते,
कुठेच आकडा नाही, एकवीस वर्षांत.
चार बटणं. एक रीळ. अर्धा मीटर लेस.

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं,
की ते देऊन झालं, मला कळलं नाही.
अजूनही कळत नाही.

टीव्हीत टाळ्या वाजतात. माणूस उठून वाकतो,
आणि ते बटण आता एका दोऱ्यावर लोंबतंय.
त्याला कुणीतरी सांगायला हवं.
इथून आवाज जात नाही.