अर्धी गोळी

अंबाजोगाईच्या दवाखान्यात
नंबर लागेस्तोवर दुपार झाली.
डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या.
त्यांनी अण्णांना बोटं आपटायला सांगितली,
अंगठ्यावर तर्जनी, टप टप टप,
आणि मला विचारलं,
"पैशाचं काही? पैज, आकडा, मोबाईलवरचे खेळ?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खिडकीकडं.

या माणसानं चाळीस वर्षं
काटा थरथरायचा थांबल्याबिगर
भाव सांगितला नाही.
मग हातच थरथरायला लागला.
चिमट्यातून मोती तीनदा पडला,
चौथ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही.
गोळी सुरू झाली आणि हात असा बसला
की नथीचा फासा पुन्हा केसाएवढा.
सहा महिन्यांत रात्री दोनला
गोधडीखाली उजेड.
रमी.
आईची पाटली गेली.
"यायलंय गं आता, एकच डाव."

बाई म्हणाल्या, मेंदूत डोपामिन असतं.
ते आटलं की हात हलतो.
वरून दिलं तर हातापुरतं थांबत नाही.
ध्यानीमनी नसताना काही मिळालं की ते उसळतं,
मेंदू शिकतो, हेच पुन्हा कर.
हरल्यावर ते खाली जायला पाहिजे.
गोळीवर तेवढं जात नाही,
चटका बसत नाही.

चटका म्हटल्यावर मी माझी बोटं बघितली.

सोळाव्या वर्षी अण्णांनी मला
डाग द्यायला बसवलं होतं.
फुंकणी, सवागी, दिव्याची जीभ.
चुकलं की भाजायचं,
जमलं तर कोणी बघायचंही नाही.
आणि कधीतरी एखाद्या मंगळवारी,
मान वर न करता, "हं."
त्या एका हंकारासाठी
मी महिना महिना फुंकत राहायचे.
रोज म्हणाले असते
तर मी दुकानात टिकले नसते बहुतेक.

उठता उठता अण्णांनी विचारलं,
"मग पाटली मी मोडली का गोळीनं?"
बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"आजपासून अर्धी घ्या," म्हणाल्या.

संध्याकाळी, दुकानात,
त्यांनी कातरीनं गोळी कापली.
तुकडे सारखे झाले नाहीत.
त्यांनी मोठा उचलला.
मी बघितलं, बोलले नाही.
गल्ल्यात त्यांचा फोन वाजला,
फक्त तुमच्यासाठी, आज रात्री, एक डाव मोफत.

बंद करायलाच गेला असेल
माझा हात.