पावशेर झेंडू

ठकूबाई डेर्ले, वय बासष्ट, गणेशवाडीच्या फूलबाजारात
झेंडूच्या ढिगामागे बसायच्या.
डोळे पिवळे झालेले महिनाभर कुणाला कळलं नाही.
त्या ढिगात काय कळणार.

टेबलावर घेतलं तेव्हा डोक्यात माळ होती,
काविळीची, काड्यांची, मखमलाबादच्या कुणी बांधलेली.
वाढत वाढत कपाळावरून भुवयांवर आली होती.
पायातून निघाली की कावीळ उतरली म्हणायची.
मी ती काढून पाकिटात घातली, वर नाव लिहिलं.
"हरवू नको रे," एवढंच म्हणाल्या, मग भूल चढली.

माझं काम तारेचं.
डॉक्टर म्हणतात सरकव, मी सरकवतो. थांब, थांबतो.
अंगात शिशाचं जाकीट, सतरा वर्षं.
उजवा खांदा आता रात्रभर जागा असतो.

दुर्बीण घशातून, जठरातून, पुढे आतड्याच्या वळणावर.
तिथे भिंतीला एक चिमुकलं बोंड,
त्याच्या तोंडातून तार आत घालायची.
पहिल्यांदा स्वादुपिंडाकडे गेली. मागे घेतली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा खोलीत कुणी बोललं नाही
आणि पडद्यावर पित्तनळी उमटली,
पानं झडलेल्या उंबरासारखी,
बुंध्याशी तीन खडे.

तोंडाशी बारीक छेद दिला. फुगा फुगवून ओढला.
दोन निघाले. तिसरा मोठा, हटेना.
"राहू दे आजचा दिवस."
खड्याच्या बाजूने प्लास्टिकची नळी सरकवली, उदबत्तीएवढी,
आणि तुंबलेलं पित्त आलं, आधी काळसर,
मग हिरवं, मग
दुपारच्या उन्हातल्या मधासारखं.
ते बघायला मिळतं म्हणून मी खांद्याचं कुणाला सांगत नाही.

शुद्धीवर येताच त्यांनी माळ मागितली.
मी माळ दिली. कागदही दिला:
तीन महिन्यांनी यावे, नळी काढणे, खडा फोडणे.

सहावा महिना चालू आहे. उद्या दसरा.
डोळे स्वच्छ, कवडीसारखे पांढरे.
मास्कशिवाय मला ओळखायचं काही कारण नव्हतं.
शेजारणीला सांगत होत्या,
"आठव्या दिवशी पायातून निघाली बघ माळ.
दवाखान्यात नुसती नळी फिरवली, पैशे घेतले."

मी पावशेर मागितला. त्यांनी वर चार फुलं टाकली.
मागून गिऱ्हाइकं रेटत होती.
त्यांच्या आत ती नळी गाळाने भरत चाललेली,
आणि तो खडा, बसल्या जागी.
काय बोलावं याची मी रात्री तयारी केली होती,
त्यातलं एक वाक्य आठवेना.

"मावशी," म्हटलं, "तुमची माळ पाकिटात
मी ठेवली होती."

तराजू हवेतच राहिला.