गाठोडं

वाचनालयातून आणलेली कादंबरी काल रात्री संपली.
तीनशे चार पानं, मुखपृष्ठावर गॉगल,
गॉगलच्या काचेत एक मुलगी, तांदळाएवढी.
बेबीताई गोंजारी म्हणाल्या होत्या,
"ने गं, आपल्या वाईचीच आहे, शूटिंगची."

आपल्या वाईची म्हणे.
हिच्यात मे महिन्यात घाटावरून होडी सुटते.
मे महिन्यात!
तेव्हा कृष्णेत घोट्याएवढं पाणी,
त्यातही निम्मी जलपर्णी.
होडीत तो मोठा नट तिचा गजरा सारखा करतो
आणि समोर पसरलेलं असतं अथांग क्षितिज.
अहो, चहूकडं डोंगर आहेत.
पांडवगड आहे, सोनजाई आहे.
क्षितिज आमच्यात मिळत नाही.

तेही सोडलं मी. लिहिणारा लांब कुठं बसला असेल,
फोटो बघून.
पण मुलगी तरी धड लिहायची.
ती जेवत नाही कधी. तिला पाळी येत नाही.
तिचे वडील पान तीसवर दवाखान्यात जातात
आणि पान साठवर बरे होतात,
मधल्या काळात कुणी डबा दिला, पत्ता नाही.
त्याला तर एक शिंकही नाही सबंध पुस्तकात.
त्याच्या शर्टाला म्हणे चंदनाचा वास.

शर्टाचं मला सांगू नका.

गंगापुरीत आमचं इस्त्रीचं दुकान.
लग्नाआधीची गोष्ट, एका सिनेमाचे कपडे आमच्याकडं होते,
पस्तीस दिवस.
हिरोचे सहा शर्ट, सहाही एकाच ताग्यातले:
कोरा, मळका, फाटका, रक्ताचा,
आणि दोन असेच, जास्तीचे.
(रक्ताच्या शर्टाला मुंग्या लागायच्या. पाक असायचा तो.)
वास घामाचा, पावडरचा, कधी पुरीभाजीचा.
कॉलरच्या आत गव्हाळ रंगाची रेघ,
लावलेला चेहरा तिथं उतरायचा.
लिंबू, सोडा, जुना टूथब्रश.
पस्तीस दिवस मी तो चेहरा घासला.

तो स्वतः एकदाच दुकानाशी आला.
"इथं रेंज कुठं येते?"
मी म्हटलं, पिंपळाच्या कट्ट्यावर.
झालं.
आईनं हे वर्षभर गल्लीला पुरवलं.

कादंबरीत गाठोडं आणणारं कुणीच नाही.

आमच्याकडं दस्तगीर आणायचा, तासगावचा.
सकाळी सहाला यायचा, रात्री नऊला यायचा,
उकिडवा बसून ओठ हलवत मोजायचा,
एकवीस, बावीस, तेवीस.
चुकायचा नाही.
एकदा माझ्या बोटांना चटका बसला
तर पळत जाऊन बाटल्यांच्या पेटीतला बर्फ घेऊन आला
आणि तो वितळेपर्यंत
रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

शेवटच्या रात्री जनरेटर बंद झाले,
घाट एकदम काळा.
त्यानं कपडे मोजले. तेवीस.
गाठ मारली.
मग गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजले.
मी विचारलं, काही कमी आहे का?
म्हणाला, नाही. बरोबर आहेत.

कादंबरीत शेवटी लग्न लागतं,
हेलिकॉप्टरमधून फुलं पडतात.
झाडली कुणी, दिलेलं नाही.

पान एकशे बारावर कुणीतरी
पेन्सिलनं लिहून ठेवलंय, "खोटं".
अक्षर बाईचं वाटतं, घाईतलं,
कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं.
वाचनालयाचं पुस्तक, खोडायला हवं होतं.
खोडरबर शोधलंही, मुलाच्या कंपासपेटीत.
मग त्याचीच पेन्सिल घेतली
आणि खाली लिहिलं, "हो".

आज परत केली. दोन दिवस उशीर, दोन रुपये दंड.
"कशी होती?"
छपाई स्वच्छ आहे, म्हटलं.
बेबीताईंनी चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडं.
"दुसरी आलीय बघ, क्रिकेटवाल्याची. देऊ?"

द्या.